दहा रुपयांचं गिऱ्हाईक आणि काउंटरपलीकडचा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकला राहतो, नोकरी सांभाळून घरी इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे प्रकल्प करतो. महिन्याला हजार-दीड हजाराची खरेदी होते. दुकानात गेलं की दुकानदार नीट बोलत नाहीत, मोठे वितरक ईमेलला उत्तर देत नाहीत, ऑनलाइन मागवलं की कधीकधी नकली माल पदरात पडतो. माझ्यासारख्या लहान गिऱ्हाइकाने पुरवठादारांशी चांगले संबंध जोडायचे तरी कसे?"

डिप्लोमा झाल्यावर मी चार वर्षं नाशिकमधल्या एका सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होतो. नंतर अंबडला स्वतःच्या लहान युनिटमध्ये कंट्रोल कार्ड बनवायला लागलो, आणि रात्री जेवण झाल्यावर घरच्या टेबलावर माझी स्वतःची कामं चालू असतात ती आजही. म्हणजे काउंटरच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हा व्यवहार पाहिला आहे. आधी आतून काय दिसतं ते सांगतो, कारण बहुतेक हौशी मंडळींना तेच माहीत नसतं.

संध्याकाळचे साडेसहा. समोर सात-आठ माणसं. इन्व्हर्टर दुरुस्त करणारा रोजचा मेकॅनिक येतो, "चार आयआरएफझेड४४, दोन कपॅसिटर हजार-पंचवीसचे," एवढंच म्हणतो, पैसे ठेवतो आणि जातो. पाऊण मिनिट. सातपूरचा पॅनेलवाला यादी ठेवून जातो, "उद्या सकाळी पोरगा पाठवतो." मग एक मुलगा पुढे येतो. "काका, एलईडीला लावायचा रेझिस्टर द्या." कितीचा? "छोटा." किती व्होल्टला लावणार? मुलगा मोबाईल काढतो, कुठला तरी व्हिडिओ शोधतो, नेट चालत नाही. तोवर मागचे दोघं निघून जातात. आठ मिनिटांनी दहा रेझिस्टर जातात आणि गल्ल्यात दहा रुपये पडतात. दुकानदाराला दहा रुपयांचं गिऱ्हाईक चालतं. आठ मिनिटांचं चालत नाही.

या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. सुट्या भागांच्या धंद्यात दुकानदाराकडे माल असतो, उधारी झेपते, जागाही कशीबशी असते, वेळ नसतो. दोन-तीन हजार जातींचा माल, प्रत्येकाचे चार-पाच प्रकार, आणि डबे ओळखणारी माणसं दोन. त्याचा वेळ वाचवणारं गिऱ्हाईक महिन्याला पाचशेचा माल नेत असलं तरी त्याला दुकानात मान असतो.

तेव्हा पहिलं काम चिठ्ठीचं. घरून लिहून न्या किंवा आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाका. चांगली चिठ्ठी अशी दिसते:

रेझिस्टर १/४ वॉट १% – ४.७के – २० नग
सिरॅमिक १०४ – २० नग
इलेक्ट्रोलिटिक १०००/२५, १०५ डिग्री – ४ नग
एलएम३५८, डीआयपी – ३ नग, आयसी बेससकट
बीसी५४७बी – १० नग (सी चालेल)
स्क्रू टर्मिनल ५.०८ मिमी, २ पिन – ६ नग

यातला प्रत्येक शब्द काउंटरवरचा एकेक प्रश्न वाचवतो. "डीआयपी" (भोकात बसणारे लांब पाय) लिहिलं नाही तर एलएम३५८ ही आयसी एसएमडीमध्ये (बोर्डाच्या पाठीवर चपटी बसणारी) हातात येईल आणि घरी गेल्यावर झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या तयार बोर्डावर, बसणार नाही. "१०५ डिग्री" लिहिलं नाही तर ८५ डिग्रीवाला कपॅसिटर मिळेल, तो उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात लवकर मान टाकतो. आणि "सी चालेल" हे दोन शब्द तर सोन्याचे आहेत. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या ए, बी, सी या जातींमध्ये फरक गेनचा, म्हणजे तो करंट किती पटीने वाढवतो त्याचा: ए ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. रिले चालवायचा असेल तर बी किंवा सी काहीही चालतं. पण हे दुकानदाराला ठाऊक नसतं. तुमचं सर्किट त्याने पाहिलेलं नाही. काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही हे आधीच लिहून दिलं की तो "संपलाय" म्हणून मोकळा होत नाही, दुसरा डबा उघडतो.

बदली माल घेताना मात्र पायांचा क्रम स्वतः बघा. प्लास्टिकमधल्या पीएन२२२२ए ट्रान्झिस्टरचे पाय सपाट बाजू समोर धरली की डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. त्याच्या शेजारच्या डब्यात पी२एन२२२२ए असतो. नावात एक आकडा जास्त, आणि क्रम बरोबर उलटा: कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदार दोन्हीला "टू एन डबल टू डबल टू" म्हणतो आणि त्याच्या दृष्टीने तो चुकत नाही. दुकानातच डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडून बघा, पुडीवर पेनाने पूर्ण नंबर लिहून घ्या. असंच टर्मिनलचं. ५.० आणि ५.०८ मिमी अंतराचे स्क्रू टर्मिनल हातात घेतले तर ओळखू येत नाहीत, दोन पिनचं असेल तर कुठेही बसतं. बारा पिनचं घेतलं की अकरा अंतरांत मिळून ०.८८ मिमीचा फरक पडतो आणि शेवटच्या पिना भोकावर येतच नाहीत. अशी चूक बोर्ड हातात आल्यावर कळते, मग माणूस दुकानदारावर चिडतो. त्याने दिलं ते त्याच्यापुरतं बरोबरच होतं.

रेझिस्टरच्या बाबतीत आणखी एक. गणितातून ४.९के (४९०० ओहम) आलं म्हणून ४.९के मागू नका. बाजारात माल ठरावीक मालिकांत येतो. ५ टक्के फरक चालणाऱ्या रेझिस्टरांत ४.७ नंतर ५.१. नेहमी लागणाऱ्या व्हॅल्यूंचे शंभर-शंभर नग एकदाच घेऊन घरी डब्या भरून ठेवा. दहा रेझिस्टरसाठी काउंटरवर उभं राहायची वेळच येऊ नये. तुमचा वेळ वाचतो, त्याचाही.

वेळेचं भान म्हणजे कधी जायचं हेही आलं. संध्याकाळी सहा ते आठ टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू असतात, तेव्हा कॉलेजच्या पोरांनी काउंटर भरलेलं असतं. त्या दिवसांत दुपारी दोन-तीनला जा. आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या माल परत करायला किंवा बदलायला कधीही जाऊ नका. भवानी झाल्याशिवाय परतीचा माल घेणं बहुतेक दुकानदारांच्या मनाला लागतं. तुमचा त्यावर विश्वास असो-नसो, त्याचा आहे, एवढं पुरे. माझे शेठ एरवी फार शांत माणूस होते, पण सकाळी पहिलंच गिऱ्हाईक जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन आलं की त्यांचा दिवसभराचा सूर बिघडलेला मी पाहिला आहे.

भावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पन्नास पैशांच्या रेझिस्टरवर घासाघीस करू नये. भाव विचारायचाच तर टप्प्यांचा विचारा: दहा घेतले तर काय, पंचवीस घेतले तर काय, पूर्ण ट्यूब (आयसींची प्लास्टिकची नळी) घेतली तर काय. आठ पिनांचे डीआयपी आयसी साधारण पन्नासच्या ट्यूबमध्ये येतात, चौदा-सोळा पिनांचे पंचवीसच्या. ट्यूब फोडली की उरलेले सुटे सांभाळायचं काम दुकानदाराला लागतं, म्हणून अख्ख्या ट्यूबला तो खुशीने वेगळा भाव लावतो. आम्ही सहा जण गंगापूर रोड ते नाशिकरोड असे पसरलेलो आहोत, पण खरेदी एकत्र करतो. एकाने यादी जमवायची, एकानेच पैसे द्यायचे, एकच बिल. वाटणी नंतर आमच्यात. सहा जणांनी सहा वेळा दुकानात जाऊन सहा एलएम३५८ नेण्यापेक्षा हे दुकानदाराला कितीतरी सोयीचं आहे. आमची आठवड्याची यादी गेली की आता तिकडून "आणखी काही टाकायचं का, उद्या माल येतोय" असा उलट निरोप येतो.

ऑनलाइन भाव मोबाईलवर दाखवून दुकानदाराला खिजवणं सगळ्यात वाईट. त्याच्या दुकानाचं भाडं, माणसं आणि न विकला गेलेला माल त्या भावात नसतो, आणि तुमच्या ऑनलाइन भावात कुरिअरचा खर्च आणि तीन दिवस नसतात. फरक खरंच मोठा असेल तर एकदाच, शांतपणे सांगा: "हे मॉड्यूल बाहेर इतक्याला पडतंय, तुमच्याकडे जमत असेल तर तुमच्याकडूनच घेतो." नाही जमलं तर तोही मोकळेपणाने सांगतो. पण अर्धा तास त्याच्याकडून सगळं समजून घ्यायचं, दोन सेन्सर हाताळून बघायचे आणि मग घरी जाऊन दुसरीकडे ऑर्डर टाकायची, हे करू नका. त्याला ते कळतं. मला काउंटरवर असताना कळायचं. तोच मुलगा पंधरा दिवसांनी तेच मॉड्यूल घेऊन "काका, हे चालत नाहीये" म्हणून यायचा.

आता शब्दाची गोष्ट. ही माझ्या हातून घडलेली आहे आणि अजून टोचते.

युनिट सुरू केल्यावर पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मोटर स्टार्टरच्या कार्डांची मोठी ऑर्डर देतो म्हणून सांगितलं. मी माझ्या नेहमीच्या दुकानदाराला म्हणालो, "काका, सोळा बाय दोनचे एलसीडी शंभर लागतील, हिरव्या बॅकलाइटचे." त्यांनी मला ना अॅडव्हान्स मागितला ना काही लिहून घेतलं. मुंबईहून शंभर नग आणले. माझी ऑर्डर फिसकटली. मी वीस घेतले आणि ऐंशी त्यांच्या फळीवर राहिले. नाशिकमध्ये त्या काळी निळ्या बॅकलाइटला जास्त मागणी होती. मी आठवडाभर तोंड दाखवलं नाही. मग वडिलांनी विचारलं, "दुकान बदललंस का?" तेव्हा लाज वाटली. जाऊन सांगितलं, की ऑर्डर गेली, पण हे ऐंशी माझेच, दर महिन्याला दहा नेतो. आठ महिने नेले. काही मित्रांना दिले, काही माझ्याच कामांत मुद्दाम वापरले, बाकी अजून माळ्यावर आहेत. काका तेव्हा काही बोलले नाहीत. पाचव्या की सहाव्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा स्टूल पुढे सरकवून चहा मागवला.

२०२१ साली जगभर चिपचा दुष्काळ पडला. काही मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्रॅम भरून वापरायच्या चिपला) ५२ आठवड्यांची मुदत सांगत होते, आणि एसटीएम३२एफ१०३सी८टी६, जो आधी शे-दीडशेला सहज मिळायचा, तो कित्येक पटींनी महागला. त्या जागी दुसऱ्या कंपन्यांचे मिळतेजुळते चिप सर्रास येऊ लागले, काही स्वतःच्या नावाने, काही नाव खरवडून. त्या वेळी काकांचा फोन आला, "तुझ्या नंबरचे वीस पडलेत माझ्याकडे जुन्या भावाचे. आजच्या भावाने मागणारे खूप आहेत. तुला लागतील का, आज सांग." त्या वीस चिपांवर माझी दोन गिऱ्हाइकं टिकली.

म्हणून हौशी माणसाने "आवडलं तर पुढे हजार नग घेईन" हे वाक्य तोंडातून काढू नये. प्रत्येक पुरवठादाराने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि ऐकल्याबरोबर तो तुमच्यापुरता बंद होतो. "मला तीनच हवेत, हौसेचं काम आहे, पुढे बहुतेक लागणार नाहीत," असं सांगून बघा. खरं ऐकलं की माणूस खरं बोलतो: "मग हा महागडा घेऊ नकोस, हा साधा घे."

बिघडलेला आणि नकली माल हा तुमच्या प्रश्नातला तिसरा भाग, आणि संबंध तुटतात ते बहुधा इथेच. मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. निफाडकडचा एक तरुण कांदा चाळीत तापमान बघायला डीएस१८बी२० सेन्सर लावत होता. आतून कांदा सडायला लागला की ढिगात ऊब वाढते, ती आधी कळावी म्हणून. दुकानात येऊन तो सगळ्यांसमोर ओरडला, "दहातले चार सेन्सर खराब दिलेत, पंच्याऐंशी डिग्री दाखवतात!" मी तिथेच होतो. ८५ हा त्या सेन्सरचा वीज मिळाल्यावरचा मूळ आकडा आहे, डेटाशीटमध्ये लिहिलेला. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं, किंवा मोजताना सेन्सरची वीज मध्येच तुटली, की तोच आकडा परत येतो. त्याने लांब वायरीला ४.७के चा पुलअप (डेटाची वायर प्लसला जोडणारा रेझिस्टर) टाकलाच नव्हता आणि वीजही डेटाच्याच वायरीवरून घेतली होती. तिसरी वायर ओढली, पुलअप टाकला, आणि चारही सेन्सर नीट चालले. पण दुकानदाराच्या तोंडावर चार गिऱ्हाइकांसमोर जे बोलून झालं होतं, ते परत घेता येत नाही.

तक्रार न्यायच्या आधी हे करा: माल आणला की दोन दिवसांच्या आत तपासा, सोल्डर करण्याआधी तपासा, ब्रेडबोर्डवर किंवा आयसी बेसवर. एक जुना, चांगला ठरलेला नग घरी बाजूला ठेवा. नवा चालला नाही तर त्याच जागी जुना लावून बघा. जुना चालतो, नवा नाही, तर तक्रार खरी. मग मल्टिमीटरचा फोटो, पुडी आणि बिल घेऊन दुपारी जा आणि बाजूला घेऊन सांगा. "तुम्ही फसवलंत" म्हणू नका. दहातल्या नऊ वेळा तोही कुणाकडून तरी फसलेला असतो, आणि तुमचा तपास त्याला त्याच्या वरच्या व्यापाऱ्याशी भांडायला उपयोगी पडतो. त्याच डीएस१८बी२० चं बघा. वायर लावलेल्या स्टीलच्या नळीत येणारे बरेचसे नकली असतात. अस्सल सेन्सरचा पत्ता, म्हणजे त्याच्या आतला ओळख क्रमांक, २८ ने सुरू होतो आणि शेवटच्या बाइटआधी दोन शून्य बाइट येतात. ते नसले तर शंका घ्यायला जागा आहे. मी अशा एका खेपेचे दहा पत्ते कागदावर लिहून दुकानदाराला दिले. त्याने तो कागद पुढे पाठवला आणि पुढची खेप बदलून मागवली. एवढ्या एका कागदाने जे जमलं ते वर्षभराच्या खरेदीने जमलं नसतं.

नकलीचा त्रास दुकानदारालाही कसा होतो याचं मोठं उदाहरण २०१४ चं आहे. एफटीडीआय कंपनीचे यूएसबी-सिरियल चिप (बोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलमधले) फार चालायचे, नकलीही तितकेच. त्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्याने नकली चिपांमधला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. कालपर्यंत चालणाऱ्या केबली रातोरात कॉम्प्युटरला दिसेनाशा झाल्या. नंतर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला, पण काउंटरवरच्या माणसाला, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याला शिव्या खाव्या लागल्याच. म्हणून सरळ विचारा: "ओरिजिनल आहे की कॉपी?" बहुतेक जण खरं सांगतात, कारण त्यांच्याकडे दोन्ही असतात आणि दोन्हीचे भाव वेगळे असतात. रिले टिकटिक करायला कॉपी पुरते. शेतातल्या पंपावर वर्षभर राहणाऱ्या डब्यात ती घालू नका. काही गोष्टी मात्र डोळ्यांनीच कळतात. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर विचारायचीही गरज नाही, त्या आकारात चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो.

नाशिकची एक मर्यादाही समजून घ्या. आपलं शहर स्विचगिअर, मोटर, पॅनेल यांचं. काँटॅक्टर, पुश बटण, टर्मिनल, केबल ग्लँड (डब्यात शिरणारी वायर घट्ट धरणारं बूच) इथे उत्तम मिळतं, दुरुस्तीचे भाग मिळतात, शिकाऊ मॉड्यूलं मिळतात. बारीक एसएमडी, नेमक्या कंपनीचा रेग्युलेटर, चांगला क्रिस्टल असं काही लागलं की मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर गाठावा लागतो. वर्षातून एकदा तरी स्वतः जा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोडला गेलं, की दुकानं उघडायच्या सुमारास तिथे पोचता; रविवार सोडून. तिथे दहा दुकानांत भटकू नका. दोन निवडा, त्यांना चेहरा दाखवा, यादी द्या, नंबर घ्या. तिथला व्यापारी फोनवरच्या अनोळखी माणसाला "कमीत कमी शंभर नग" सांगतो. एकदा समोर उभा राहून पैसे दिलेल्या माणसाला दहाही कुरिअर करतो. माझा त्या रस्त्यावरचा एक व्यापारी गेली नऊ वर्षं मला माल पाठवतो, आणि आम्ही आजवर तीनदाच भेटलो आहोत.

मोठे वितरक ईमेलला उत्तर देत नाहीत, हे मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या विक्रीच्या माणसाला वर्षाचं टार्गेट असतं आणि तुमचे पंचवीस नग त्याच्या गणितात बसत नाहीत. तुमच्यासाठी त्यांनी वेबसाइट ठेवली आहे. कट टेपमध्ये, म्हणजे रिळाची पट्टी कापून, एक नगही मिळतो, माल अस्सल असतो, आणि तेवढ्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे मी कधी वाया गेले असं मानलं नाही. दोन-चार ऑर्डर झाल्यावर मात्र त्याच खात्यावरून एक नेमका ईमेल टाका. पूर्ण पार्ट नंबर, शेवटच्या अक्षरासकट, कारण एसटीएम३२एफ१०३सी८टी६ मधला सी म्हणजे ४८ पिना, ८ म्हणजे ६४ केबी मेमरी, टी म्हणजे पॅकेज (चिपचं बाहेरचं रूप), आणि ६ म्हणजे उणे ४० ते ८५ डिग्री. एक अक्षर बदललं की चिप बदलली. आत्ता किती हवेत, वर्षाला खरोखर किती लागतील, कधीपर्यंत, पर्याय कुठला चालेल. चार ओळी. "माझा एक इनोव्हेटिव्ह प्रोजेक्ट आहे" ही ओळ नको. मला असं पहिलं उत्तर तिसऱ्या ईमेलला आलं, आणि त्या बाईंनी मी वापरत असलेला चिप लवकरच बंद होणार आहे हे फुकट सांगितलं. त्या एका वाक्याने माझा बोर्ड दुसऱ्यांदा काढायचा खर्च वाचला.

उत्पादक कंपन्यांचे फुकट नमुने मिळतात तेव्हा लागतील तेवढेच मागा. एकाच कॉलेजच्या पत्त्यावरून चाळीस जणांनी महागडे चिप मागवून पेटीत ठेवले की त्या पत्त्यावरची सोय बंद होते, आणि पुढच्या वर्षी खरी गरज असलेला विद्यार्थी अडतो.

बिलाबद्दल थोडक्यात. पक्कं बिल घ्या, १८ टक्के जीएसटीसकट. जीएसटी नंबर असेल तर बिल करायच्या आधी सांगा. महिना उलटून अकरा तारीख गेली की दुकानदाराचं विक्रीचं रिटर्न बहुधा भरून झालेलं असतं. नंतर "बिलात माझा नंबर टाकून द्या" म्हटलं की दहा रुपयांच्या नफ्यासाठी त्याला सीएकडे जावं लागतं. उधारी पहिल्या वर्षी मागूच नका. त्याने आपणहून खातं उघडलं, तर ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी पैसे टाका.

आणि घेण्याबरोबर काही देताही येतं, हे हौशी मंडळी विसरतात. दुकानदार दिवसभर विकतो, त्याला वापरून बघायला वेळ नसतो. तुम्हाला असतो. गेल्या वर्षी एका दुकानात ईएसपी३२ या वाय-फायवाल्या मायक्रोकंट्रोलरचे ३८ पिनांचे बोर्ड आणि ३० पिनांचे एक्स्पान्शन बोर्ड असे शेजारी ठेवलेले होते. एकात दुसरा बसत नाही. पोरं दोन्ही नेत होती आणि परत आणत होती. मी एक जोडी टेबलावर ठेवून दाखवली, बॉक्सवर मार्करने आकडे लिहून दिले. पाच मिनिटांचं काम. आता नवीन काही आणायचं असलं की तो आधी मला एक नग देतो, "बघून सांगा, ठेवू का?"

त्या निफाडच्या तरुणाचंही पुढचं सांगायला हवं. मी त्याला म्हटलं, डबा पूर्ण झाला की दुकानात घेऊन ये. ऑगस्टमध्ये तो आला. पांढरा प्लास्टिकचा बॉक्स, खाली तीन केबल ग्लँड, आत त्याच दुकानातून घेतलेले भाग, आणि मोबाईलवर चाळीच्या सहा ठिकाणचं तापमान. कांद्याची टरफलं अजून ग्लँडला चिकटलेली होती. दुकानदाराने झाकण उघडलं, बोटाने एकेक भाग दाखवत म्हणाला, "हा माझा, हा माझा, हा रेग्युलेटर कुणाकडचा रे?" तरुण म्हणाला, ऑनलाइन. "पुढच्या वेळी सांग, मागवून ठेवतो." मग त्याने आत हाक मारून कामावरच्या पोराला बोलावलं आणि तो डबा त्यालाही दाखवला.